न्यूयॉर्कची पंगत

वसतिगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याची ट्रंक, खाणावळीची पातळ आमटी आणि घरच्या मनीऑर्डरीची वाट पाहणारा मुलगा उभा राहतो. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे पंडित पदव्या मोजतात, ग्रंथ मोजतात, प्राध्यापकांची नावे घेतात. मुलगा रात्री कोणाच्या शेजारी झोपला आणि सकाळी कोणाच्या पंक्तीला जेवला, ह्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. परंतु ज्या देशात शतकानुशतके पंक्तिभेदावरच समाजाची मांडणी झाली, त्या देशाने ही नोंद क्षुल्लक मानून कसे चालेल?

अशीच एक नोंद १९१३ सालची आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात बावीस वर्षांचा एक महाराष्ट्रीय तरुण न्यूयॉर्क बंदरात उतरला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्याच्याकडून लिहून घेतला होता. वडिलांना जाऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते. हे तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. जन्म महूचा असला तरी त्यांचे मूळ गाव आपल्या कोकणातलेच, मंडणगड तालुक्यातील आंबडवे.

कोलंबिया विद्यापीठात नाव घातल्यावर भीमराव प्रथम हार्टले हॉल ह्या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तेथले अन्न त्यांना मानवेना. आठवड्याभरातच ते एकशे चौदाव्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहावयास गेले. तेथे काही हिंदी विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना ह्या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी बिऱ्हाड केले. चरित्रग्रंथांत ह्या साऱ्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. त्या दोन-चार ओळींपाशीच आपण थोडे थांबू.

कॉस्मोपॉलिटन क्लब ही त्या काळी अमेरिकेतील विद्यापीठांत पसरलेली एक चळवळ होती. १९०३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांनी असा पहिला क्लब काढला, दुसऱ्याच वर्षी कॉर्नेलमध्ये एक निघाला आणि १९०७ साली ह्या क्लबांचा मिळून एक संघ झाला. ‘सर्व राष्ट्रांच्या वर मानवता’ ह्या अर्थाचे त्यांचे ब्रीद होते. कारभार विद्यार्थीच पाहत. अध्यक्ष, चिटणीस निवडून येत. एखाद्या संध्याकाळी एका देशाचे विद्यार्थी आपल्या देशाची गाणी, वेश आणि चालीरीती इतरांना दाखवीत. कॉर्नेलच्या क्लबाचे अध्यक्षपद त्याच सुमारास हू शी नावाच्या चिनी विद्यार्थ्याकडे आले होते. हेच हू शी पुढे बोलीभाषेतील नव्या चिनी साहित्याचे अग्रणी झाले. १९१५ साली ते कोलंबियात आले आणि जॉन ड्युई ह्या तत्त्वज्ञांचे शिष्य बनले. भीमरावही ड्युईंचेच विद्यार्थी. एका गुरूच्या हाताखालून निघालेल्या ह्या दोघांनी आपापल्या देशातील जुन्या व्यवस्थेला पुढे केवढे हादरे दिले, हे जगाने पाहिले.

न्यूयॉर्क शहरात ह्या कामाला वाहून घेणारे एक गृहस्थ होते हॅरी एडमंड्स. १९०९ साली कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला त्यांनी सहज ‘सुप्रभात’ म्हटले. तो विद्यार्थी थबकला. आपण ह्या शहरात येऊन तीन आठवडे झाले, पण आपल्याशी बोलणारे तुम्हीच पहिले, असे तो म्हणाला. एडमंड्सना ते लागले. पतिपत्नींनी परदेशी विद्यार्थ्यांना आपल्या घरी चहाला बोलावण्यास आरंभ केला. त्यातून रविवारची सहभोजने सुरू झाली आणि शेवटी धाकट्या रॉकफेलरांच्या देणगीतून हडसन नदीच्या काठी सुमारे पाचशे विद्यार्थ्यांची ‘इंटरनॅशनल हाउस’ ही इमारत १९२४ साली उघडली. एका साध्या नमस्काराची ही फलश्रुती!

अर्थात ह्या मंडळींनी जग बदलून टाकले असे कोणी समजू नये. विद्यार्थ्यांच्या विश्वबंधुत्वाची एक जागतिक परिषद १९१३ च्या उन्हाळ्यात ह्याच न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेलमध्ये भरली होती. पुरते एक वर्षही लोटले नाही तोच महायुद्ध पेटले आणि बंधुत्वाची भाषा बोलणारी राष्ट्रे एकमेकांवर तोफा डागू लागली. तोफखान्यापुढे पंगत ती काय टिकणार! परंतु राष्ट्रांच्या बाबतीत जे साधले नाही, ते माणसांच्या बाबतीत साधले.

भीमरावांचेच पाहा. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटाचा तुकडा घरून नेऊन ज्याने वेगळे बसावे आणि शिपायाने वरून ओतल्याखेरीज ज्याला पाणी मिळू नये, त्याला येथे खोली मिळाली, मेज मिळाले, सोबती मिळाला. जात विचारणारे कोणी नव्हते. आरंभीचे काही दिवस ते खेळांत आणि मित्रमंडळींत रमले. मग जे अभ्यासाला बसले ते उठलेच नाहीत. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. ड्युईंचा ‘लोकशाही आणि शिक्षण’ हा ग्रंथही १९१६ चाच. लोकशाही हा केवळ राज्यकारभाराचा प्रकार नसून माणसांनी एकमेकांसह जगण्याची ती रीत आहे, हा ड्युईंचा विचार वीस वर्षांनी भीमरावांच्या ‘जातिनिर्मूलन’ ह्या निबंधात ठसठशीतपणे उमटला. ग्रंथातून तो त्यांनी घेतला हे खरेच. परंतु जे सूत्र वर्गात ऐकले, त्याची प्रचीती संध्याकाळी वसतिगृहात येत होती, हेही विसरता येत नाही.

ह्या प्रचीतीची किंमत त्यांना १९१७ साली बडोद्यात कळली. करारानुसार नोकरीवर रुजू होण्यास ते तेथे गेले, तर राहावयास जागा मिळेना. पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत हे आपण विसरूनच गेलो होतो, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेल्या दहा-बारा पारशांनी त्यांना घेरले आणि बाहेर काढले. आठवड्याभराची मुदत मागूनही ती मिळाली नाही. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही जागा देण्याचे टाळले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. न्यूयॉर्कमध्ये ज्याच्याशी बिऱ्हाड जमले तोही पारशीच होता! त्याच नवल भथेनांनी १९२० साली भीमरावांना विलायतेचे शिक्षण पुरे करण्यासाठी पाच हजार रुपये उसने दिले. वसतिगृहातली मैत्री ती हीच, आणि तिने जातिधर्माच्या भिंती पाहिल्या नाहीत.

मग नवल कसले, की भीमरावांनी सार्वजनिक कार्य हाती घेताच आरंभीच्या कामांत वसतिगृह काढले? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरास तिचे वसतिगृह सुरू झाले.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट तोवर तयार होत आली होती. आमच्या तळेऱ्याहून निघून करूळचा घाट चढला आणि गगनबावडा ओलांडला की पुढे कोल्हापूर. तेथे शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली: मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क ह्यांच्या नावाचे. ती जातवार असली तरी मुलगा शहरात टिकला तो त्यांच्यामुळेच. पुढचे पाऊल टाकले ते कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रदेखील! ती माउली परजातीच्या मुलांना जेवू घालण्यासाठी सौभाग्यलेणे विकते, तेव्हा रॉकफेलरांची देणगीसुद्धा तिच्यापुढे थिटी वाटते.

न्यूयॉर्क आणि सातारा ह्यांच्यामध्ये दोन महासागर आहेत, परंतु दोन्हीकडे घडले ते एकच. घरापासून दुरावलेली मुले एका छपराखाली आली. कोणी वाढले, कोणी वाढून घेतले, आणि पिढ्यान् पिढ्यांचा संकोच त्या ताटावर विरघळला. वर्गातील धडा परीक्षेनंतर विसरतो. शेजारच्या पाटावर बसून जेवलेला माणूस मात्र जन्मभर आठवतो.

दिवाळी आली की आपल्या शाळांची वसतिगृहे ओस पडतात. मुले ट्रंका घेऊन घरोघर जातात, फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरू लागतात. आपल्या घरचे ताट यंदा किती घरांत जाते आणि कोणाच्या उंबऱ्याशी अडते, हे गृहिणींनी एकदा मोजून पाहावे. इंटरनॅशनल हाउसच्या दारावर ‘बंधुभाव नांदो’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. आपल्याकडे तेवढ्यासाठी शिळा नको, एक ताट पुरे.