स्थायित्व सुनावणी

स्थायित्व सुनावणी : आईवडिलांपासून काढून प्रतिपालक कुटुंबात ठेवलेल्या मुलाने कायमचे कोठे राहायचे, हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ठरावीक मुदतीने होणारी न्यायालयीन सुनावणी. तिथे ती ‘परमनन्सी हिअरिंग’ या नावाने ओळखली जाते. १९८० च्या संघीय कायद्याने प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा, दर सहा महिन्यांनी आढावा आणि १८ महिन्यांच्या आत सुनावणी, असा क्रम घालून दिला. १९९७ च्या कायद्याने ही मुदत १२ महिन्यांवर आणली. त्यानंतरही दर १२ महिन्यांनी सुनावणी व्हावी लागते. न्यायालयापुढे पर्याय पाच असतात : आईवडिलांकडे परत पाठवणे, दत्तक देणे, कायदेशीर पालक नेमणे, नातेवाइकांकडे सोपवणे किंवा अन्य नियोजित व्यवस्था. शेवटचा पर्याय म्हणजे पुष्कळदा प्रश्न नुसता लांबणीवर टाकणे. म्हणून २०१४ मध्ये तो १६ वर्षे व त्यावरील मुलांपुरता मर्यादित झाला आणि तो निवडण्यापूर्वी मुलाला स्वतःला काय हवे, हे विचारणे बंधनकारक झाले.

जी यंत्रणा मूल ताब्यात घेते, तीच त्याचा आराखडा आखते आणि तीच स्वतःच्या कामाचा अहवाल लिहिते. विलंबाची किंमत मात्र मूल मोजते. त्या विलंबाचा जाब बाहेरच्या कोणीतरी मागावा, हेच या देखरेखीचे खरे प्रयोजन. न्यायाधीश अहवालावर केवळ सही करतात, हा आक्षेप निराधार नाही. संघीय नियमांनीही तो गृहीत धरलेला दिसतो. आराखडा तडीस नेण्यासाठी यंत्रणेने वाजवी प्रयत्न केले, हा निष्कर्ष त्या मुलापुरता, कारणांसह नोंदवावा लागतो. नुसता कायद्याच्या कलमाचा हवाला किंवा मागाहून मागील तारखेने काढलेला आदेश चालत नाही. निष्कर्ष नसेल, तर त्या मुलापोटी मिळणारा संघीय निधी थांबतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने प्रतिपालकत्वात राहिले, तर पालकांचे हक्क संपुष्टात आणण्यासाठी अर्ज करावा लागतो. व्यसनमुक्तीला किंवा भाड्याचे घर मिळायला लागणारा वेळ या हिशेबात बसत नाही, म्हणून हा नियम गरिबांनाच आधी गाठतो. कायद्यात अपवाद आहेत : मूल नातेवाइकांकडे असणे, आवश्यक सेवाच न पुरवलेल्या असणे किंवा अर्ज मुलाच्या हिताचा नसल्याचे सबळ कारण असणे. शिवाय ‘सँटोस्की विरुद्ध क्रेमर’ (१९८२) या निकालानुसार हक्क तोडण्यासाठी स्पष्ट व खात्रीलायक पुरावा लागतो. पण अपवाद कोणीतरी मांडला, तरच उपयोगी पडतो. आणि प्रत्येक गरीब पालकाला सरकारी खर्चाने वकील देणे संविधानाने बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच ठरवले होते. म्हणून मुदती सैल करणे हा यावरचा उपाय नव्हे; तसे केल्यास पुन्हा मूलच ताटकळते. मुदत कडक ठेवायची असेल, तर आई, वडील आणि मूल यांची बाजू मांडणारा माणूस सुनावणीला हजर असला पाहिजे. तो नसेल, तर न्यायालयाला यंत्रणेचीच बाजू ऐकू येते.