वॉल्टनची भिंत आणि जॉन एडमनस्टन

यॉर्कशायरमधील वेकफील्डजवळ वॉल्टन हॉल नावाची जुनी जहागीर आहे. तिचा मालक चार्ल्स वॉटरटन (१७८२–१८६५) याने १८२१ ते १८२६ या काळात आपल्या रानाभोवती सुमारे तीन मैल लांबीची उंच भिंत घातली. आत बंदुकीला बंदी. शिकार हेच जहागीरदाराचे भूषण मानले जाई त्या काळात हा गृहस्थ घुबडांसाठी घरटी बांधीत होता, तळ्यावरचे पाणपक्षी दुर्बिणीतून न्याहाळीत होता. मनोरुग्णालयातील रुग्णांनाही त्याने ते पाहू दिले. शेजारच्या साबण कारखान्याने झाडे आणि पाणी नासवले तेव्हा तो कोर्टात भांडला. (पुढे त्याच्या मुलाने जहागीर विकली, ती त्याच साबणवाल्या घराण्याला!) जगातले पहिले अभयारण्य म्हणून वॉल्टनचा गौरव होतो. तो अगदीच पोकळ नाही.

परंतु ही कथा यॉर्कशायरमध्ये सुरू करून तेथेच संपवणे ही प्रस्थापित इतिहासाची चलाखी आहे. १८०४ मध्ये वॉटरटन डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, घराण्याचे मळे सांभाळायला गेला. तेथे राबत होते आफ्रिकी गुलाम. कॅथलिक म्हणून ज्याच्या घराण्याने इंग्लंडात पक्षपाती कायद्यांचा जाच सोसला, तोच १८१२ पर्यंत हा कारभार पाहत होता. गुलामगिरीचे समर्थन करता येत नाही, असे त्याने पुढे लिहिले. लिहिणे वेगळे आणि मळा चालवणे वेगळे.

तेथेच त्याने चार्ल्स एडमनस्टन या मित्राच्या जॉन नावाच्या गुलामाला मेलेला पक्षी सोलून, कातडे टिकवून, त्याला जिवंत भासेल असा आकार देण्याची विद्या शिकवली. आपल्याकडे कातड्याला हात लावणाऱ्याच्या पिढ्या विटाळ ठरल्या. जहागीरदाराने तेच केले की ते निसर्गशास्त्र! १८२५ च्या प्रवासवर्णनात वॉटरटनने जॉनची बुद्धी बेताची असल्याचा शेरा मारला.

जॉनला मालकाचेच आडनाव लागले. १८१७ मध्ये मालकाबरोबर तो स्कॉटलंडला आला, स्वतंत्र झाला आणि पुढे एडिंबरोत याच विद्येवर पोट भरू लागला. १८२६ मध्ये वैद्यकीचा एक कोवळा विद्यार्थी फी मोजून त्याच्याकडे शिकू लागला. तो चार्ल्स डार्विन. 'बीगल' जहाजाच्या सफरीत (१८३१–३६) पक्ष्यांची कातडी टिकवताना हीच विद्या डार्विनच्या कामी आली. आत्मचरित्रात त्याने या गुरूला बुद्धिमान आणि सुस्वभावी म्हटले. वॉटरटनचे नाव तेथे आहे, जॉनचे नाही.