मक्याच्या वंशावळीचा वाद

गहूं, जव, भात व जोंधळा ह्यांचे रानटी सगे आजहि रानांत उभे आहेत, व त्यांजकडे पाहिलें असतां कोण कोणाचा हें फारसा विद्वान नसलेल्या माणसासहि कळतें. मक्याची गोष्ट निराळी आहे. हें धान्य मनुष्याच्या हातावांचून टिकत नाहीं. कणसावर पानांचें घट्ट वेष्टन, दाणे दांड्यास चिकटलेले. कणीस शेतांत पडून राहिलेंच तर एका जागीं शेंकडों अंकुर फुटून ते एकमेकांस मारतात. रानांत आपोआप वाढलेला मका कोणी पाहिलेला नाहीं. मग त्याचें कूळ कोणतें? ह्या प्रश्नावर गेल्या शतकांत जो वाद झाला, तो आमच्या वाचकांस परिचयाचा वाटेल अशी आमची समजूत आहे. वतनाच्या तंट्यांत वादी व प्रतिवादी दोघेहि वंशावळी हजर करितात, दोहोंतील नांवें बहुतेक तींच असतात, आणि बाप कोण व लेक कोण एवढ्यावरच सारा निवाडा अडतो. येथेंहि तसेंच झालें. भेद इतकाच कीं, ह्या तंट्यांत कागद एकहि नव्हता. साक्ष द्यावयाची ती झाडांनीं.

मेक्सिको व मध्य अमेरिका ह्या प्रदेशांत तेओसिंते नांवाचें एक गवत होतें. ह्याचें शास्त्रीय वर्णन जर्मन पंडित श्राडर ह्यानें १८३२ सालीं प्रसिद्ध केलें. ताटें, पानें व तुरा पाहिल्यास तें मक्यासारखेंच दिसतें. पण कणीस पाहतांच संबंध तुटतो. तेओसिंतेच्या कणसांत पांचपासून बारापर्यंत दाणे, तेहि दोन ओळींत, व प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचांत बंद. पिकल्यावर कणीस सुटें होऊन दाणे एक एक गळून पडतात. शिवाय ताटास फांद्या अनेक. ह्या कणसापासून मक्याचें कणीस झालें असेल, हें पुष्कळांच्या मनास पटेना. म्हणून तेओसिंते कित्येक दशकें वेगळ्या वंशांतच नोंदलें गेलें.

कॉर्नेल विद्यापीठांत इमर्सन ह्यांच्या हाताखालीं जॉर्ज बीडल नांवाचा नेब्रास्कांतील शेतकऱ्याचा मुलगा शिकत होता. त्यानें मका व तेओसिंते ह्यांच्या संकराची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी करून १९३२ सालीं आपले निष्कर्ष छापले. मक्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या दहा जोड्या, तेओसिंतेमध्यें दहाच. संकरांत दोन्हीकडचीं गुणसूत्रें बिनतक्रार जोडीस जोडी लागतात, आणि संतति पूर्ण प्रसवक्षम होते. इतकी सलगी निकटच्या भाऊबंदांतच असावयाची. बीडलचें मत ठरलें: तेओसिंते हाच मक्याचा पूर्वज.

प्रतिपक्ष उभा राहिला टेक्ससमध्यें. पॉल मँगेल्सडॉर्फ व रॉबर्ट रीव्ह्ज ह्यांनीं ट्रिप्सॅकम नांवाच्या तिसऱ्या एका बहुवर्षायु गवताशीं मक्याचा संकर करून दाखविला. १९३१ सालीं त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. हें काम सोपें नव्हतें. मक्याच्या कणसाचे केस लांब. ट्रिप्सॅकमच्या परागाची नळी तेवढा पल्ला गांठूं शकत नाहीं. म्हणून त्यांनीं केस कापून आंखूड केले व मग पराग टाकला. मक्याचीं दहा व ट्रिप्सॅकमचीं अठरा मिळून अठ्ठावीस गुणसूत्रांचें रोप निघालें. त्याचे पराग वांझ होते. ह्या यशावर १९३९ सालीं त्यांनीं मोठा प्रबंध रचिला. त्यांचें म्हणणें असें कीं, मक्याचा पूर्वज म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील, आतां नष्ट झालेला, प्रत्येक दाण्यास तुसाचें आवरण असलेला रानटी मका; आणि तेओसिंते हा मक्याचा बाप नव्हेच, तर मका व ट्रिप्सॅकम ह्यांच्या संकराचा लेक होय. बापाचा लेक करून टाकण्याचें असें धाडस आम्हीं बखरींतहि क्वचितच पाहिलें आहे.

तथापि हें मत जवळजवळ तीस वर्षें मान्य होतें. त्याचें कारण मँगेल्सडॉर्फ ह्यांची विद्वत्ता व हार्वर्ड विद्यापीठांतील त्यांचें स्थान एवढेंच नव्हे; त्या मतानें खरोखर बऱ्याच गोष्टी उलगडत होत्या. तेवाकान खोऱ्यांतील गुहांत मॅक्नीश ह्यांस १९६० नंतरच्या उत्खननांत बोटाएवढालीं प्राचीन कणसें सांपडलीं, तेव्हां तींच रानटी मक्याचीं, असें १९६४ सालीं जाहीर झालें. वय सुमारें ७,००० वर्षें धरलें होतें. (१९८९ सालीं त्या कणसांचेंच थेट मापन झालें, तेव्हां तीं सुमारें ५,५०० वर्षांचीं निघालीं, शेजारच्या कोळशावरून वय ठरविणें किती धोक्याचें, हें उत्खननकारांस नव्यानें सांगावयास नको.)

ह्या मतांतील वैगुण्य आमच्या समजुतीनें असें. अमुक दोन झाडांचा संकर *होऊं शकतो* एवढ्यावरून तो *झाला* असें ठरत नाहीं. कोइमतूर येथें डॉ. जानकी अम्माळ ह्यांनीं ऊस व मका ह्यांचा संकर साधला व १९३८ सालीं त्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. म्हणून ऊस हा मक्याचा बाप किंवा लेक ठरला नाहीं. केस कापून, परागसेचन करून, शेंकडों प्रयत्नांतून जें एक वांझ रोप हातीं येतें, तें रानांत कोणाच्या साह्यावांचून सुफलित होऊन नवी जात स्थापन करील, ह्यास पुरावा लागतो. तो कधींच आला नाहीं. मका व ट्रिप्सॅकम ह्यांच्या संकरांतून तेओसिंते कोणासहि निर्माण करितां आलें नाहीं.

बीडल मध्यंतरीं ह्या वादांतून बाहेर पडले. बुरशीवरील कामाबद्दल त्यांस १९५८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें ते शिकागो विद्यापीठाचे प्रमुख झाले. तेथून १९६८ सालीं निवृत्त होतांच ते जुन्या तंट्याकडे वळले. १९३९ सालींच त्यांनीं दाखविलें होतें कीं, तेओसिंतेचे दाणे तापविले कीं त्यांच्या मक्याप्रमाणेंच लाह्या फुटतात; म्हणजे कठीण कवचामुळें हें गवत खाण्याच्या उपयोगाचें नव्हतें हा आक्षेप टिकत नाहीं. आतां त्यांनीं दळलेलें तेओसिंते कांहीं दिवस स्वतः खाऊनहि पाहिलें. खरें काम मात्र मेक्सिकोंत झालें. मका व तेओसिंते ह्यांच्या संकराची दुसरी पिढी, सुमारें पन्नास हजार झाडें, लावून त्यांत अगदीं मक्यासारखीं व अगदीं तेओसिंतेसारखीं किती, ह्याची मोजणी केली. प्रमाण आलें सुमारें पांचशांत एक. हिशेब असा: दोन जातींत एकाच जनुकाचा फरक असेल तर चारांत एक झाड एका आजाप्रमाणें निघतें; चार जनुकांचा असेल तर २५६ त एक; पांचांचा असेल तर १,०२४ त एक. पांचशें हा आंकडा ह्या दोहोंच्या मध्यें पडतो. म्हणजे जें अंतर ओलांडणें अशक्य मानलें, तें चार-पांच प्रमुख बदलांचें होतें. आम्हांस ह्या सर्व प्रकरणांत हा पुरावा सर्वांत आवडतो. त्यांत मोजणी आहे, अनुमान थोडें आहे.

तरी मँगेल्सडॉर्फ ह्यांच्या मतास धक्का बसला तो भलतीकडून. बहुवर्षायु तेओसिंतेची वीस जोड्यांची एक जात १९१० सालीं सांपडून पुढें नष्ट झाली असें मानीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ह्यू इल्टिस ह्यांनीं नववर्षाच्या शुभेच्छापत्रावर तिचें चित्र छापून तें मित्रांस धाडलें. ग्वादालाहारा येथें तें पत्र पाहून राफाएल गुझमान नांवाचा विद्यार्थी शोधास लागला. त्यास ती जात तर मिळालीच, पण मानान्तलान डोंगरांत दुसरीहि एक बहुवर्षायु जात आढळली. तिचीं गुणसूत्रें दहाच जोड्या, व मक्याशीं तिचा संकर सहज होतो. हें १९७९ सालीं प्रसिद्ध झालें. वाद बाजूस ठेवला तरी लाभ मोठा: मक्याच्या कित्येक विषाणुरोगांस ती दाद देत नाहीं. त्या डोंगरास १९८७ सालीं संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. मँगेल्सडॉर्फ ह्यांनीं तेओसिंते हा संकरज असल्याचें आपलें मत ह्यापूर्वींच सोडलें होतें; आतां ते नव्या बहुवर्षायु जातीच्या आधारें आपली वंशावळ पुन्हां मांडूं लागले. बीडल व मँगेल्सडॉर्फ दोघेहि एकाच वर्षीं, १९८९ सालीं, निवर्तले.

पुढील काम जॉन डोब्ली व त्यांच्या सहकाऱ्यांचें. शाखा आंवरणारा जनुक १९९७ सालीं, व दाण्याचें कवच उघडणारा २००५ सालीं हस्तगत झाला. पहिल्याच्या शेजारीं गुणसूत्रांत जागा बदलणारा एक फिरता तुकडा येऊन बसला आहे, असें २०११ सालीं दिसून आलें. असे फिरते तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक ह्यांनीं प्रथम मक्यांतच ओळखले व त्याबद्दल त्यांस १९८३ सालीं नोबेल मिळालें. २००२ सालच्या तपासणींत सर्व मका एकाच ठिकाणचा, दक्षिण मेक्सिकोंतील बाल्सास नदीच्या खोऱ्यांतील तेओसिंतेपासून सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं निघालेला, असें ठरलें. आणि त्याच खोऱ्यांतील शिवातोश्त्ला येथें ८,७०० वर्षांपूर्वींच्या थरांत मक्याचे सूक्ष्म अवशेष २००९ सालीं जाहीर झाले. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकांतील मूर्तींच्या हातीं मक्याचें कणीस आहे असें १९८९ सालीं कोणी मांडलें, व १९९३ सालीं त्याचें खंडन झालें. आमच्या मतें शिल्पांतील एका आकारावरून धान्याचा प्रवास ठरवूं नये.

वादावर पडदा पडला असें वाटत असतां २०२३ सालीं आणखी एक कागद, म्हणजे अर्थात् झाड, पुढें आलें. बाल्सासच्या खोऱ्यांत माणसाळल्यानंतर सुमारें चार हजार वर्षांनीं मेक्सिकोच्या उंच पठारावर मक्याचा दुसऱ्या एका तेओसिंतेशीं संकर झाला, आणि त्याचा अंश आजच्या मक्यांत सर्वत्र आहे. मँगेल्सडॉर्फ ह्यांनीं संकराचा जो आग्रह धरला त्यांत कांहीं तथ्य होतें. ट्रिप्सॅकमला मात्र ह्या वंशावळींत त्यांनीं दिलेलें घर अजून मिळालेलें नाहीं.