मुनीमजींचं क्रियापद

इंग्रजीतलं ‘रॅशिओसिनेट’ हे क्रियापद सहसा कुणी बोलताना वापरत नाही. वापरलंच तर ऐकणाऱ्याला विद्वत्तेचा वास येतो. अर्थ साधा: पायरी-पायरीने तर्क करणं. पण या जडजंबाल शब्दाचं कूळ शोधत गेलं की आपण पाठशाळेत नाही, थेट पेढीवर पोचतो.

लॅटिनमध्ये ‘राशिओ’ म्हणजे हिशेब. तो ठेवणारा ‘राशिओकिनाटोर’, म्हणजे मुनीमच. राशिओचा अर्थ प्रमाण, कारण, बुद्धी असा पसरत गेला. इंग्रजीतला ‘रीझन’ त्याच घरातला, आणि शिपायाला मोजून मिळणारा शिधा, म्हणजे आपलं रेशनसुद्धा.

इ. स. पू. 44 मध्ये सिसेरोने मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. कोणाचं किती देणं लागतो हे ठरवताना चांगला हिशेबनीस व्हावं, असं त्यात तो सांगतो: मिळवावं, वजा करावं, बाकी पाहावी. वजा करण्याला त्याचा शब्द आहे ‘डेडूकेरे’.

‘रॅशिओसिनेट’ इंग्रजीत आलं सतराव्या शतकात, आणि त्याच शतकात थॉमस हॉब्जने त्याचं मूळ उकरून काढलं. रोमन लोक पैशांच्या हिशेबालाच राशिओ म्हणत, हे ‘लेव्हायथन’मध्ये (1651) नोंदवून त्याने विचार म्हणजे बेरीज-वजाबाकीच, असं ठणकावलं. मला हा हॉब्जचा अतिरेक वाटतो, पण फळला मात्र भलताच. वीस वर्षांच्या लाइब्निझने 1666 मध्ये त्याचा दाखला घेतला. वाद घालण्यापेक्षा पाटी घेऊन बसावं आणि उत्तर काढावं, असं तर्काचं गणित त्याला हवं होतं. आजचा संगणक त्याच स्वप्नाच्या वाटेवरचा.

मग 1841 साली एडगर ॲलन पो याने ऑगस्त द्यूपँ हा गुप्तहेर जन्माला घातला. असल्या कथांना तो ‘रॅशिओसिनेशन’च्या कथा म्हणे. गंमत अशी, की त्या पहिल्याच कथेच्या सुरुवातीला तो बजावतो: हिशेब करणं म्हणजे विश्लेषण नव्हे! बुद्धिबळापेक्षा पत्त्यांतला व्हिस्ट त्याला थोर, कारण तिथे समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो. म्हणजे मुनीमजींचा शब्द घेतला आणि त्यांनाच पेढीवरून उठवलं.

शब्द तरीही लोकांच्या तोंडी बसला नाही. 1887 मध्ये शेरलॉक होम्स आला, द्यूपँला कमअस्सल ठरवून मोकळा झाला आणि आपल्या विद्येला म्हणाला ‘डिडक्शन’. ते आलं सिसेरोच्या त्याच डेडूकेरेतून. पगाराच्या स्लिपवरचं डिडक्शनही तिथलंच.