नचिकेताने पाहिलेल्या गाई

घरातला जुना संगणक "कुणाला तरी देऊन टाका" असे मुलाने परवा सांगितले. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही. बाकी ते ठणठणीत आहे. पण 'देऊन टाका' हे शब्द ऐकले आणि कठोपनिषदातला नचिकेत आठवला. वडील यज्ञात दूध आटलेल्या, थकलेल्या गाई दान देत होते. त्या पोराला प्रश्न पडला, असे दान देऊन काय मिळणार?

संगणकदानाचा इतिहासही असाच आहे. १९९७ साली ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल' ही सेवाभावी संस्था सुरू झाली. कचेऱ्यांनी काढून टाकलेले चालू संगणक घ्यायचे, आतली माहिती पुसायची, तपासून दुरुस्त करायचे आणि केनियासारख्या देशांतल्या शाळांना पोचवायचे. ज्या शाळेत एकही संगणक नाही, तिला तो नवाच की!

पण त्याच वाटेने दुसराही माल गेला. २००५ साली 'बासेल ॲक्शन नेटवर्क' या अमेरिकी संस्थेने नायजेरियातल्या लागोसचा अहवाल काढला. महिन्याला सुमारे ५०० कंटेनर जुना माल तिथे उतरत होता आणि स्थानिक जाणकारांच्या मते त्यातला ७५ टक्क्यांपर्यंत निकामी होता. लागोसला कारागिरांची वाण नव्हती, इकेजाच्या 'कॉम्प्युटर व्हिलेज' बाजारात उत्तम दुरुस्ती होई. पण मेलेल्या यंत्रापुढे तेही काय करणार? ती उघड्यावर टाकली जात, जाळली जात. जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत तर शिसे असते.

असे का झाले? श्रीमंत देशांत तपासणीला मजुरी पडते, विल्हेवाटीला पैसे पडतात. सगळे एकत्र भरून 'पुनर्वापरासाठी' म्हणून पाठवणे स्वस्त. घातक कचऱ्याला आवर घालणारा बासेल करार १९८९ चा, लागू झाला १९९२ ला. पण वापरायची वस्तू म्हणून पाठवली की ती कचरा ठरत नाही, ही पळवाट राहिली. १ जानेवारी २०२५ पासून या कराराखाली सगळ्याच ई-कचऱ्याला घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते. तरी दान कुठले आणि कचरा कुठला, हे आधी देणाऱ्याच्या दारातच ठरते.

म्हणून मुलाला म्हटले, आधी त्यावर लिनक्स घालून दे, कळफलक बदल, आठ दिवस मी चालवून पाहतो. आणि पुढे बंद पडला तर परत आणायची जबाबदारीही आपलीच.

असो. तुमच्या माळ्यावर काय काय पडले आहे?