पद्मिनीचा पत्रा: मुंबईच्या टॅक्सीची गंजाशी झुंज

वाशीमहून पुसदच्या रस्त्याला लागले की अनसिंग येते. अरबी समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अनसिंगमध्ये वीस वर्षे वापरलेली मोटार आणि मुंबईत तितकीच वापरलेली, त्याच बनावटीची मोटार शेजारी उभ्या केल्या, तर दारांखालचा पत्रा नुसता ठोकून पाहूनही कोणती कोठली हे जाणकार बहुधा सांगू शकतो. या फरकामागे रसायनशास्त्र आहे आणि बराचसा आर्थिक इतिहासही. आजचा धागा त्या इतिहासाविषयी. त्याची नायिका अर्थातच प्रीमियर पद्मिनी.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ च्या सुमारास आलेल्या गोल पाठीच्या 'अकराशे'ला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव बहाल केले. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात तिचेच नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाले.

या गाडीला जीप किंवा ट्रकप्रमाणे वेगळी चासी नव्हती. पत्र्याचे दाबून घडवलेले भाग एकमेकांना जोडून तयार झालेली पेटी हाच तिचा सांगाडा. म्हणूनच येथे गंजाचा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. बॉनेटवर पडलेला डाग कुरूप दिसतो, एवढेच. पण दारांखालची पोकळ पट्टी आतून सडली की गाडी मधोमध खचू लागते आणि दारे नीट लागेनाशी होतात. इंजिन ठणठणीत असूनही गाडी भंगारात जाते ती अशी.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर ते विजेचे अधिक चांगले वाहक बनते आणि ही क्रिया कितीतरी वेगाने घडते. अॅल्युमिनियमवर येणारा थर खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि रंगाला फुगवून फोडतो. बाहेर फोड दिसतो तोवर आत पत्र्याची चाळण झालेली असते. मुंबईत खारा वारा बारा महिने आणि पाऊस चार महिने. त्यात टॅक्सी रात्रीही रस्त्यावरच उभी.

जगात याच काळात यावर उपाय निघत होते. पोर्शेने १९७५ च्या सुमारास जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरण्यास सुरुवात केली. रंगाच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यांत प्रायमर चढवण्याची पद्धतही सत्तरच्या दशकात सुधारत गेली. खुद्द फियाटच्या मालकीच्या लान्सिया कंपनीला १९८० मध्ये ब्रिटनमध्ये मोठी नामुष्की पत्करावी लागली: 'बीटा' गाडीत इंजिनाला आधार देणारा भाग सडू लागल्याने अनेक गाड्या ग्राहकांकडून परत घ्याव्या लागल्या.

भारतात असा दबाव कोण आणणार? परवाना राज्यात ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. १९६९ मध्ये केंद्राने मोटारींच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. वाद किमतीचा होता, पत्र्याच्या आयुष्याचा नव्हता. जो माल हातोहात खपतो, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला जस्त कशाला? कारखान्याला दोष देणे सोपे आहे. पण बांधलेली किंमत आणि न संपणारी प्रतीक्षायादी यांतून दुसरे काही निपजणेही कठीणच होते.

मग गंजाशी खरी लढाई लढली ती गॅरेजांनी. डेंटर सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढी, नवा पत्रा हातोडा आणि डॉलीवर ठोकून मूळ वळणात आणी, गॅस वेल्डिंगने जोडी, सांधा घासून त्यावर रेड ऑक्साइड मारी, मग पुट्टी आणि शेवटी रंग. काळा-पिवळा रंग सर्वत्र सारखाच, त्यामुळे जोड लपवणे सोपे जाई. घाईचे काम करणारा मात्र गंजावरच पुट्टी थापी. पुट्टी ओल शोषून घेते, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तोच फोड दुप्पट होऊन वर येतो. खालून जळके ऑइल फासण्याची जुनी रीतही शास्त्राला धरूनच आहे: तेलकट थर पाण्याला पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी नव्याने द्यावा लागतो. दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके तारेने मोकळी ठेवणे हा तर फुकटचा उपाय.

वऱ्हाडात खारा वारा नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात तिचा चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला लिंपल्यासारखा बसतो आणि वरून सुकला तरी आत ओल धरून ठेवतो. त्यामुळे अनसिंगच्या गाडीला गंज लागलाच तर बहुधा चाकांवरच्या कमानीपासून लागतो. त्यावरचा उपाय म्हणजे आतून पाण्याचा जोरदार फवारा. बाहेरून कितीही चकाकी आणली तरी तिचा येथे उपयोग नाही.

पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले. राज्य सरकारने मुंबईतील टॅक्सींना २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा लावली. या नियमाने नोंदणीची तारीख मोजली. कोणी पत्रा वेळेवर बदलून सांगाडा धडधाकट ठेवला होता आणि कोणी पुट्टीवर भागवले होते, याला त्यात स्थान नव्हते. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. २०२३ च्या त्याच तारखेला तिची वीस वर्षे भरली आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही.