रिलीज्ड टाइम

रिलीज्ड टाइम : अमेरिकेच्या सरकारी शाळांतील एक प्रथा. पालकांनी लेखी मागणी केल्यास विद्यार्थ्याला शाळेच्या वेळेत, बहुधा आठवड्यातून तासभर, आपापल्या पंथाच्या धर्मशिक्षणासाठी सोडले जाते. ज्यांनी मागणी केलेली नाही ती मुले शाळेतच थांबतात. सगळ्यांनाच लवकर सोडण्याची ‘डिसमिस्ड टाइम’ ही पद्धत वेगळी. तिच्यात मागे कोणी उरत नाही, त्यामुळे वादही कमी.

प्रारंभाचे श्रेय सामान्यतः इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादनगरीचे शाळा-अधीक्षक विल्यम वर्ट (१९१४) यांना देतात. त्यांच्या शाळांत मुलांच्या तुकड्या वर्ग, कार्यशाळा व मैदान यांत आळीपाळीने फिरत. त्यामुळे काही मुले चर्चकडे धाडली तरी वेळापत्रक बिघडत नसे. मात्र सॉल्ट लेक सिटीतील ग्रॅनाइट हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी मॉर्मन पंथाने शाळेलगत ‘सेमिनरी’ १९१२ मध्येच काढली होती. ती जमेस धरल्यास गॅरीचा पहिलेपणा टिकत नाही.

मॅकॉलम खटला (१९४८) : इलिनॉय राज्यातील शँपेन येथे १९४० पासून प्रॉटेस्टंट, कॅथलिक व ज्यू शिक्षक शाळेच्या इमारतीतच तास घेत. त्यांचे वेतन शाळा देत नसे, पण नेमणुकीला अधीक्षकांची संमती लागे आणि हजेरी शाळेच्या शिक्षकांकडे जाई. तास सुरू झाला की न बसणाऱ्यांनी आपला वर्ग सोडून इमारतीत दुसरीकडे जायचे. व्हॅश्टी मॅकॉलम या निरीश्वरवादी मातेच्या मुलाला असेच कॉरिडॉरमध्ये बसावे लागले. एरवी तिथे बसणे ही शिक्षा असे. सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी योजना घटनाबाह्य ठरवली. न्या. ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालपत्राचा भर दोन गोष्टींवर होता : करदात्यांच्या पैशांतून उभी राहिलेली इमारत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने पंथांना आयती मिळणारी मुले.

झोराक खटला (१९५२) : न्यूयॉर्क राज्याच्या १९४० च्या कायद्यानुसार मुले शाळेबाहेर जात, खर्च धर्मसंस्था करीत, हजेरी मात्र शाळेला कळवावी लागे. ही योजना ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरली. न्या. विल्यम डग्लस यांनी चार वर्षांपूर्वी मॅकॉलम प्रकरणी बहुमताला साथ दिली होती. या वेळी बहुमताचे निकालपत्र त्यांनीच लिहिले. ब्लॅक, फ्रँकफर्टर व जॅक्सन यांनी भिन्नमत नोंदवले. इमारत सोडल्यास दोन्ही योजनांत फरक नाही, असे ब्लॅक यांचे म्हणणे. जॅक्सन यांच्या मते चर्चला न जाणाऱ्या मुलासाठी शाळा तात्पुरता तुरुंग ठरते. कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न तिथेच मिटला, पण जॅक्सन यांच्या आक्षेपाला बहुमताने समाधानकारक उत्तर दिले असे म्हणवत नाही. पुढचे बहुतेक वाद जागा, पैसा आणि हजेरी यांभोवतीच फिरले.

नंतरचे निवाडे : युटातील लोगन येथील प्रकरणी (१९८१) संघीय अपील न्यायालयाने प्रथा वैध मानली, पण शाळेने सेमिनरीतून हजेरीच्या चिठ्ठ्या गोळा करणे अमान्य केले. अभ्यासक्रम पंथीय आहे की नाही हे तपासून श्रेयांक देणेही त्याने नाकारले. साउथ कॅरोलायनाने २००६ मध्ये श्रेयांकांना परवानगी देणारा कायदा केला. स्पार्टनबर्ग प्रकरणी (२०१२) दुसऱ्या एका अपील न्यायालयाने तिथली श्रेयांकपद्धत उचलून धरली. इंडियानातील हंटिंग्टन येथे शाळेच्या आवारात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये तास भरत. २००९ मध्ये त्यास अंतरिम मनाई झाली.

शैक्षणिक परिणाम : एकमत नाही.

सद्यःस्थिती : ओहायोतील ‘लाइफवाइज अकॅडमी’ या ख्रिस्ती संस्थेमुळे प्रथेला नवा जोर आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ओहायोतील शाळा-जिल्ह्यांना याविषयी धोरण ठरवणे बंधनकारक केले. पूर्वी ते ऐच्छिक होते.

भारत : अशी प्रथा नाही. पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देण्यास संविधानाच्या अनुच्छेद २८(१) ने मनाई आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते विद्यार्थ्याच्या, अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना लादता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९४८ च्या मसुद्यात (अनुच्छेद २२) एखाद्या समाजाने आपल्या मुलांना शाळेच्या कामकाजाच्या वेळेबाहेर धर्मशिक्षण देण्यास आडकाठी नसावी, असे उपकलम होते. अंतिम संविधानात ते नाही.